न झालेले अपघात

सकाळी कामाला जाताना तिचा अपघात झाला नाही. गोष्ट एवढीच होती, पण या एवढ्याशा गोष्टीनं तिला दिवसभर चैन पडू दिली नाही. रस्त्याच्या कडेला एक करडी गाडी उभी होती, आत माणूस बसलेला होता, आणि ती सायकलवरून त्या गाडीपाशी पोचणार तेवढ्यात दार बोटभर उघडलं. तिचे दोन्ही हात ब्रेकवर गेले. आता आपण उडणार, आधी खांदा लागेल, मग डोकं, असं तिला अगदी शांतपणे कळलं. आणि दार तिथंच थांबलं. आतल्या माणसानं दाराजवळच्या हातानं नव्हे, पलीकडच्या हातानं दार धरलं होतं. त्यामुळे त्याचं सगळं अंगच मागे फिरलं होतं आणि तो सरळ तिच्याकडे बघत होता. तिशीतला असेल. ‘‘जा तुम्ही, मावशी,’’ तो म्हणाला, एखाद्यानं रांगेत पुढे जाऊ द्यावं तसा. ती गेली. पुढे जाऊन पाय टेकून उभी राहिली. त्याला विचारावं असं तिला वाटलं, की बाबा रे, हे तुला कोणी शिकवलं? पण वळून बघितलं तर गाडीला कुलूप लागलेलं होतं आणि माणूस गर्दीत मिसळून गेला होता.

तशी विचारायची गरज नव्हती. दार लांबच्या हातानं उघडायचं हे ड्रायव्हरकाका, सासूबाईंच्या ओळखीतले जुने बसड्रायव्हर, शिकवायचे. निवृत्तीनंतर ते गाडी शिकवणाऱ्या शाळांतून फुकट बोलायला जायचे. खुर्ची मधोमध ठेवायचे, बाजूला एक खरं जुनं मोटारीचं दार उभं करायचे आणि प्रत्येकाला बसवून तेच करायला लावायचे, पुन्हा, पुन्हा, पोरं हसून हसून दमेपर्यंत. ‘‘हसा,’’ म्हणायचे, ‘‘हसता हसता हाताला सवय लागते. डोक्याला लागण्याची मी वाट बघत नाही.’’ तिनं ते दार पाहिलं होतं. बरीच वर्षं ते तिच्याच घरी जिन्याखाली होतं, कारण काकांच्या घरी जागा नव्हती आणि सासूबाईंना कशालाच नाही म्हणता येत नसे. येता-जाता तिची साडी त्याच्या कडेला अडकायची आणि ती मनातल्या मनात दोघांचा उद्धार करायची.

दातांच्या लॅबमध्ये पोचली तेव्हा मालक खिडकीखालच्या फळीवर वाळत ठेवलेले प्लास्टरचे जबडे उलटे करत होते. ती लग्नाआधीपासून इथंच कवळ्या बनवत होती. मालकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. ‘‘रंग उडालाय तुझा. पडलीस की काय?’’ ‘‘नाही.’’ ‘‘मग?’’ ‘‘पडले नाही, म्हणूनच.’’ मालकांनी यावर थोडा विचार केला आणि मग म्हणाले, ‘‘बरं. त्या वरच्या दाढा जरा बुटक्या कर. गृहस्थ म्हणतात, तोंड मिटत नाही.’’ तिनं ज्योत पेटवली, गुलाबी मेण हातात घेतलं. मेण मऊ झालं, सुरी त्यातून नेहमीसारखी फिरली. पडले असते तर आत्ता सांगण्यासारखं काहीतरी असतं, तिच्या मनात आलं. हात गळ्यात असता, भेटायला माणसं आली असती, कसं झालं हे तिनं दहा जणांना दहा वेळा रंगवून सांगितलं असतं. न झालेल्या अपघाताचं काय करायचं असतं? त्याची विचारपूस करायला कोणी येत नाही. आणि याआधी असे किती न झालेले असतील? तिला न कळलेले, कोणालाच न कळलेले. या घटकेला खालून रस्त्यानं जाणाऱ्या माणसांत असा एखादा असेल, ज्याचं गळ्याचं हाड निव्वळ काकांच्या त्या दारामुळे धड आहे, आणि तो भाजीच्या पिशवीला वैतागत चालला असेल.

दुपारी नगरपालिकेत बैठक होती. नवऱ्यानं सकाळी निघताना दोनदा आठवण केली होती. त्यानं चष्म्याचं दुकान दुपारनंतर बंद ठेवायचं ठरवलं होतं, आणि दुकान बंद ठेवणं हे त्याच्या हिशेबी फार मोठं होतं. सासूबाईंच्या नावानं चौकात स्मारक होणार होतं. पितळी सायकल, बाग, बाकं. पालिकेतून फोन आला त्या दिवशी तो रिसीव्हर ठेवून कितीतरी वेळ तिथंच उभा राहिला होता. ‘‘आईचं नाव,’’ एवढंच म्हणाला होता. ती आनंदानं हसली होती, आणि हसतानाच कुठंतरी दातात काही अडकावं तसं तिला झालं होतं. ते काय, हे तिला अजून नीट सांगता येत नव्हतं.

सासूबाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. लग्न होऊन आली तेव्हा तिला त्यांचा आवाज आधी कळला आणि बाई मागाहून. स्वच्छ, सपाट, घाई नसलेला आवाज. त्याच आवाजात त्या साहेबलोकांना फोन करायच्या आणि साहेबांना फोन ठेवताच यायचा नाही. ‘‘मी थांबते,’’ त्या म्हणायच्या, आणि खरंच थांबायच्या. रिसीव्हर खांद्याशी धरून शेंगा सोलत थांबायच्या. एक्स्चेंजला त्या सायकलनं जात. त्यात काही तत्त्वबित्त नव्हतं, बसची गर्दी आवडायची नाही म्हणून. तिच्या लग्नाच्या कितीतरी आधी एक दिवस ध्यानीमनी नसताना मागे एक बस करकचून थांबली आणि ड्रायव्हर भरल्या बसमधून खाली उतरून त्यांच्यासमोर उभा राहिला. ‘‘रस्त्याच्या मधून सायकल चालवता, मरायचंय का, बाई?’’ ‘‘नाही मरायचं,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘म्हणून तर मधून चालवतेय. कडेनं गेले तर उभ्या गाड्यांची दारं आहेत. मधून गेले तर तुम्ही आहात. तुम्हाला डोळे आहेत, दाराला नाहीत.’’ बसमधली माणसं ओरडायला लागली तेव्हा तो वर चढून निघून गेला. पण आठवड्याभरानं एक्स्चेंजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, ‘‘ते डोळ्यांचं आणि दाराचं पुन्हा सांगा.’’ त्यांची ओळख झाली ती अशी. शेवटपर्यंत तो त्यांना बाई म्हणे आणि त्या त्याला ड्रायव्हर म्हणत, आणि दोघांत रोज एकदा तरी खडाजंगी होत असे.

सासूबाईंच्या डोक्यातून निघालेली आणि काकांनी डेपोत पार पाडलेली एक गोष्ट ती स्वतः बघायला गेली होती, नव्या सुनेनं सासूच्या पाठोपाठ जावं तशी, पदर सावरत. डेपोच्या आवारात ओळीनं सायकली उभ्या केल्या होत्या आणि त्यांवर धष्टपुष्ट बसड्रायव्हर बसवले होते, पाय जमिनीवर, तोंडं वाकडी. सायकली हलायच्या नव्हत्या. काका रिकामी बस घेऊन त्यांच्या अंगाजवळून गेले, ज्या अंतरानं ते लोक रोज सायकलवाल्यांच्या जवळून जात त्याच अंतरानं. फार वेग नव्हता. पण वाऱ्याचा झोत आला, लोखंडाची भिंतच्या भिंत खांद्याशेजारून सरकली, आणि मिशा पिळणारा एक गडी सायकलसकट शेजाऱ्याच्या अंगावर कलला. बस थांबली. मग त्या मिशीवाल्यानं खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि म्हणाला, ‘‘एवढं जवळ?’’ काका खिडकीतून म्हणाले, ‘‘एवढं. तू काल गेलास तो तर याहून जवळून गेलास. मी तुझ्या मागेच होतो.’’ सासूबाई टाळ्या वाजवतील असं तिला वाटलं होतं. त्या फक्त हातातली पर्स या हातातून त्या हातात घेऊन म्हणाल्या, ‘‘चला, आता चहा प्या सगळे.’’

आणि मग तो कोपरा. बाजाराकडून येणारा रस्ता जिथं मोठ्या रस्त्याला मिळतो त्या चौकातला. पूर्वी तो पसरट, गुळगुळीत गोल होता. गाड्या वेग न मोडता तिथून सुळकन वळत, आणि दर वर्षी तिथं कोणीतरी जाई. सासूबाईंनी तिला ते जेवणाच्या टेबलावर समजावलं होतं. थाळीच्या कडेनं बोट फिरवलं, बोट अडखळलं नाही. मग काड्यापेटीच्या कडेनं फिरवलं, कोपऱ्याशी बोट थांबलं, मग वळलं. ‘‘माणूस चांगला आहे की वाईट, हे मी विचारतच नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी कोपरा विचारते.’’ तो कोपरा काटकोनी करायचा, फुटपाथ पुढे आणायचा, म्हणून दोघं तिचा नवरा शाळेत होता तेव्हापासून हात धुऊन पालिकेच्या मागे लागले होते. रोज संध्याकाळी तिथं उभे राहायचे, बघायचे, कोणाला तरी घेऊन यायचे आणि दाखवायचे. लोक त्यांना सायकलच्या घंटीवरून घंटाबाई आणि घंटाबाईचा ड्रायव्हर म्हणत. अखेर पालिका म्हणाली, कोपरा अरुंद केला तर बस वळणार नाही. तेव्हा काकांनी नोकरीच्या शेवटच्या महिन्यात एक रविवार निवडला, रस्त्यावर खडूनं नवा कोपरा आखला, त्या रेघेवर माणसं उभी केली, त्यांत सगळ्यात पुढे, रेघेच्या अगदी टोकावर, सासूबाई; आणि लांबलचक बस आणून ती वळवली. सून गर्दीत लांब उभी होती. मागचं चाक सासूबाईंच्या चपलेजवळून गेलं तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तर बस वळलेली होती, काका खाली उतरले होते आणि पालिकेच्या अधिकाऱ्यासमोर रुमालानं हात पुसत होते. सासूबाई मात्र त्यांच्यावर भडकल्या होत्या. ‘‘अजून हातभर जागा होती, ड्रायव्हर. उगाच घाबरून लांबून नेलीत.’’

त्या गर्दीत एक माणूस नव्हता. तिचा नवरा, त्यांचा मुलगा. तो दुकानात होता. त्याचं सायकल चालवणं फार लहानपणी सुटलं. शाळेत पोरं त्याच्यामागे घंटी वाजवायची. आई संध्याकाळी घरात नसे, झाकलेलं ताट असे. तो कधी तक्रार करत नसे, पण ताटावरचं झाकण काढताना तो एक आवाज करायचा, झाकण ओट्यावर जरा जोरात ठेवल्याचा, आणि अजूनही करायचा. सासूबाई गेल्या तेव्हा लोकांना वाटलं, रस्त्यावर गेल्या असणार. तसं काही नव्हतं. साध्या तापानं, अंथरुणात, मुलाचा हात हातात घेऊन गेल्या. काका त्यांच्यामागून वर्षानं झोपेत गेले. रस्त्यानं दोघांनाही हात लावला नाही. शोकसभेला खुर्च्या भरल्या नाहीत. नवरा रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसला होता आणि तिला म्हणाला होता, ‘‘एवढं सगळं केलं तिनं, आणि बघ.’’ तिला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आता हातातल्या मेणाकडे बघताना तिला ते सुचत होतं असं वाटलं. जे लोक वाचले त्यांना आपण वाचलो हेच माहीत नाही. ते कुठून येणार शोकसभेला? आणि हे सुचल्यावर एरवी माणूस उदास झाला असता, पण तिला उलट अंगात जोर आल्यासारखं झालं. शहरभर खुर्च्या भरलेल्या होत्या. फक्त त्या वेगवेगळ्या घरांत होत्या.

बैठकीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. काचेचं टेबल, झाकण घातलेले पाण्याचे पेले, भिंतीवर जुन्या सभापतींचे फोटो. नवरा इस्त्रीच्या शर्टात आधीच येऊन बसला होता. सभापती गोड माणूस होते; त्यांनी सासूबाईंचा ‘‘सायकलमाता’’ असा उल्लेख केला, आणि सासूबाईंनी ऐकलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या हे मनात येऊन तिला खोकल्याचं निमित्त करावं लागलं. इंजिनियरबाईंनी नकाशा पसरला. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, कमी बोलणाऱ्या. पितळी सायकल सुंदर होती. चित्रकारानं तिच्या चाकांत ऊन काढलं होतं. नवऱ्यानं टेबलावरचा हात हळूच पुढे नेऊन त्या चाकाला लावला, आणि तिनं बघितलं की त्याचे डोळे भरून आलेत. ती दुसरीकडे बघायला लागली, म्हणजे नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथं तिला दिसलं. फोन आला त्या दिवसापासून दातात अडकलेलं ते हेच होतं. तिनं फुटपाथच्या रेघेवरून नख फिरवलं. नख कुठंच थांबलं नाही.

‘‘हा कोपरा गोल का झाला?’’ तिनं विचारलं.

‘‘शोभेसाठी,’’ सभापती म्हणाले. ‘‘बाग आत घेतली की कोपराही जरा मोकळा होतो. छान दिसेल.’’

‘‘आत्ता आहे तसा ठेवून बाग होणार नाही?’’

सभापतींनी इंजिनियरबाईंकडे बघितलं. इंजिनियरबाई नकाशाकडेच बघत होत्या. ‘‘गाड्या तिथं अडतात, अशी व्यापाऱ्यांची तक्रार आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोपरा गोल केला की गाड्या अडणार नाहीत.’’

‘‘म्हणजे वेगात वळतील.’’

‘‘हो,’’ इंजिनियरबाई म्हणाल्या, एका दमात. ‘‘वळतील. मी हे इथं दोनदा बोललेय. घरच्या माणसांनी विचारलं तर तिसऱ्यांदा बोलायचं ठरवलं होतं.’’

सभापतींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आता ते सांभाळायला त्यांना कष्ट पडत होते. तर हे असं आहे, तिला वाटलं. कोपरा काढून घ्यायचा आणि वर पितळी सायकल देऊन तोंडाला पानं पुसायची, तीही त्याच बाईच्या नावानं. राग यायला हवा होता. आला नाही. तिला फक्त फार स्पष्ट दिसायला लागलं, टेबलाच्या काचेतलं पंख्याचं प्रतिबिंब, नवऱ्याच्या मनगटावरचे पांढरे झालेले केस. आपण आत्ता ‘‘आम्हाला नको’’ म्हणालो तर हे लोक गप्प बसतील हे तिला कळत होतं. आणि हा माणूस जन्मभर ताटावरचं झाकण वाजवत राहील, हेही.

‘‘मला हे स्मारक नको,’’ ती म्हणाली. ‘‘पण मी सून. मुलगा हा आहे. त्याचं त्यानं सांगावं.’’

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत असं त्यानं एक-दोनदाच बघितलं असेल, जणू दुकानात कोणी परकं माणूस गिऱ्हाईक म्हणून आलंय आणि त्याचा नंबर काढायचा आहे. मग तो पुन्हा चित्राकडे वळला. चाकातल्या उन्हावर त्याचं बोट तसंच होतं. फार वेळ गेला नसेल, पण सभापतींनी दोनदा पेल्यावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

‘‘कोपरा न हलवता सायकल बसत नाही?’’ त्यानं इंजिनियरबाईंना विचारलं.

‘‘नाही बसत. मी बसवून बघितली.’’

‘‘मग राहू द्या,’’ नवरा म्हणाला. त्यानं बोट उचललं. ‘‘आणि पुढे कधी नाव लावायचंच झालं तर दोन नावं लावा. तो ड्रायव्हर रोज आमच्या घरी येऊन भांडायचा. त्याचं नाव नसलं तर आई उठून बसेल.’’

सभापती म्हणाले की भावना त्यांना समजतात. घरच्यांच्या संमतीशिवाय स्मारक अर्थातच होणार नाही, आणि स्मारक नाही म्हटल्यावर कोपऱ्याचं काम तूर्त कशाला काढायचं, हेही ते ओघात बोलून गेले. इंजिनियरबाईंनी लगेच नकाशाची गुंडाळी केली. इतक्या लगेच, की त्यांना कोणी थांबवू नये म्हणूनच. जिन्यात त्यांनी तिचा हात क्षणभर धरला आणि सोडला.

बाहेर अजून ऊन होतं. तिनं सायकल काढली आणि हातात धरून चालू लागली. तो तिच्या बाजूनं, पण दोन पावलं पुढे. ‘‘घरी बोलायला हवं होतंस तू,’’ तो म्हणाला. ‘‘घरी नकाशा नव्हता.’’ ‘‘तरी.’’ ‘‘हो,’’ ती म्हणाली, ‘‘बोलायला हवं होतं. फोन आल्यापासून काहीतरी टोचत होतं, पण काय ते मलाच कळत नव्हतं.’’ बाजार मागे पडला. ते त्या कोपऱ्यापाशी आले तेव्हा तो थांबला. तिला आठवत होतं त्याप्रमाणे तो या कोपऱ्यावर कधी थांबलेला नव्हता. दोन गल्ल्या वळसा घालून तो दुकानात जायचा, आणि तो वळसा आहे हे दोघंही कधी बोलले नव्हते. फुटपाथ पुढे आलेला होता, कडेचा दगड माणसांच्या चपलांनी गुळगुळीत झालेला. एक टेम्पो आला, कोपऱ्याशी अडखळला, सावकाश वळला. मग एक स्कूटर. मग एक मोठी गाडी, आतला माणूस वैतागलेला, पण सावकाश.

‘‘मला वाटायचं, ती इथं कोणाची तरी वाट बघत उभी राहते,’’ तो म्हणाला. ‘‘लहानपणी. एकदा लांबून बघितलं होतं मी तिला. हा ड्रायव्हर शेजारी, दोघं काही बोलत नव्हते. नुसते रस्त्याकडे बघत होते.’’

‘‘कोणाची वाट?’’

‘‘माझी नव्हे, एवढंच कळलं होतं.’’

तुझीही, असं तिला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं, कारण त्याच्या शाळेतून घरी यायचा रस्ता हाच होता. पण काही गोष्टी सांगून कळत नाहीत, आणि आज तिला घाई नव्हती. तिनं सायकल कठड्याला टेकवली. बाजाराकडून बस आली, लांबलचक, भरलेली. चालवायला एक बाई होती, खिडकीत कोपर टेकलेली. पांढऱ्या पट्ट्यांपाशी माणसं नव्हती, फक्त तिचा नवरा, तोही जाऊ की नको अशा बेतानं उभा. बस थांबली. बाईनं त्याला हातानं जा म्हणून खूण केली. तो फुटपाथवरून खाली उतरला. दोन-चार पावलं नेहमीच्या सवयीनं घाईघाईनं टाकली, आणि मग त्याची चाल मंदावली. रस्त्याच्या मधोमध येऊन तो थांबलाच. आधी या बाजूला बघितलं, मग त्या बाजूला, मग वर, बसच्या भल्यामोठ्या काचेकडे. इस्त्रीचा शर्ट पाठीवर चुरगळला होता. तो तिथं उगाचच रेंगाळत राहिला, आणि बस थांबून राहिली.